प्रतिक्रियेला उत्तर: डेबसम्स, एमडी५ आणि ‘खोटा दिलासा’

नमस्कार,

‘डेबियन-उबुंटूवर बसलेल्या फाइली धड आहेत का, हे कसं तपासाल’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की डेबसम्स, म्हणजे डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रणालींवर बसलेल्या पॅकेजांच्या फाइली तपासणारं साधन, एमडी५ चेकसमवर (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी खूण) चालतं आणि “एमडी५ २००४ मध्येच मेलंय”. ज्याच्या हाती रूट (यंत्रावरचा सर्वाधिकार) गेलं तो फाइलीबरोबर तिचा चेकसमही बदलेल. मी एआयडीई (फाइलींतले बदल टिपणारं सुरक्षेचं साधन) सुचवायला हवं होतं, विंडोजचं काहीच सांगितलं नाही, लेख लोकांना खोटा दिलासा देतो. आणि शेवटी, “चार कमांड पाठ करून लेख पाडणाऱ्यांमुळे मराठीतलं तांत्रिक लेखन पोरकट राहिलंय.”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तेच लागलं. चूक दाखवलीत तर मी ऐकून घेईन, आजवर घेतलंय. पण हे वाक्य चूक दाखवत नाही, ते माणसाला गप्प बसवायला लिहिलेलं आहे. मराठीत या विषयांवर लिहिणारे आहेतच किती? जे आहेत ते नोकरी-संसार सांभाळून, पदरचे पैसे घालून लिहितात. एखादा विद्यार्थी पहिला लेख लिहायला बसला आणि त्याच्या नजरेस हे वाक्य पडलं, तर तो दुसरा लेख लिहिणार नाही. तुम्हाला एवढं ठाऊक आहे तर लिहा ना एक लेख. त्याचा दुवा मी स्वतः देईन.

आता एमडी५. तुमचं ते एक वाक्य ऐकायला ठसकेबाज आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. २००४ मध्ये शिआओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते असं, की एमडी५ एकच येईल अशा दोन वेगवेगळ्या फाइली तयार करता येतात. यात दोन्ही फाइली हल्लेखोराच्या हातच्या असतात. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या घातक प्रोग्रामनं मायक्रोसॉफ्टच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बनवलं, तेही याच वाटेनं. पण डेबसम्सपुढचा प्रश्न वेगळा आहे. इथे फाइल आधीच ठरलेली असते, पॅकेज बनवणाऱ्यानं बनवलेली. तिचा बत्तीस अक्षरी एमडी५ नोंदलेला असतो, आणि हल्लेखोराला नेमका तोच एमडी५ येईल अशी दुसरी फाइल शोधायची असते. तिथपर्यंत आजही व्यवहारात कोणी पोचलेलं नाही. एमडी५ची उलट वाट शोधण्याची, म्हणजे दिलेल्या चेकसमवरून तो येईल असा मजकूर काढण्याची, कागदावरची जी पद्धत २००९ मध्ये मांडली गेली, तिलासुद्धा २ च्या सुमारे १२३ व्या घाताइतकी कामं लागतात, म्हणजे व्यवहारात अशक्यच.

शिवाय पॅकेज उतरवून घेताना एपीटी (पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्राम) एमडी५वर विसंबतच नाही. तिथे शा-२५६ हा अधिक भक्कम चेकसम आहे आणि वर जीपीजीची डिजिटल सही आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सकडेही फाइलींसाठी शा-२५६ येऊन बरीच वर्षं झाली. फक्त ‘आरपीएम व्हेरिफाय’ या तिथल्या तपासणीच्या कमांडच्या रकान्यात बदललेल्या मजकुरासमोर अजून जुनं ‘५’ उमटतं. नव्या रचनेसाठी एमडी५ घ्या, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. डिस्कनं किंवा रॅमनं फाइल बिघडवली आहे का, एवढं ओळखायला मात्र तो आजही पुरेसा आहे, यावर मी ठाम आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान कार्यालयांची यंत्रं मी वर्षानुवर्षं सांभाळतोय. एका पतसंस्थेच्या शाखेत उबुंटूवर लिबरऑफिस कॅल्क अधूनमधून आपोआप बंद पडायचं. आधीच्या देखभालवाल्यानं ‘व्हायरस’ म्हणून दोनदा फॉरमॅट मारला होता, त्याचे पैसेही घेतले होते. मी डेबसम्स चालवलं. हजारो ओळींपुढे ‘ओके’ आलं आणि तीन वेगळ्या पॅकेजमधल्या तीन फाइलींपुढे ‘फेल्ड’. मग तीच पॅकेजं, त्याच आवृत्तीची, दुसऱ्या यंत्रावर उलगडली आणि लिबरऑफिसच्या लायब्ररीची फाइल सीएमपी या कमांडनं बाइटला बाइट लावून पाहिली. अख्ख्या फाइलीत फरक एका बाइटचा. एकीकडे १४४, दुसरीकडे १५४, अष्टमान आकड्यांत. म्हणजे एक बिट उलटलेला, बाकी सगळं जसंच्या तसं. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावून ठेवली, तर रॅमच्या एका पट्टीवर लाल ओळींची रांग. पट्टी बदलली, तिन्ही पॅकेजं पुन्हा बसवली, काम सुरू.

यातला मुद्दा नीट पाहा. उतरवलेलं पॅकेज निर्दोष होतं, सही जुळली होती, शा-२५६ जुळला होता. बिघाड झाला तो फाइल उलगडून डिस्कवर लिहिली जाताना. एक्स्ट४ ही फाइलप्रणाली मजकुराचा चेकसम ठेवत नाही, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता. सांगितलं ते फक्त डेबसम्सनं. पतसंस्थेतल्या लोकांना तुमचं “एमडी५ मेलंय” सांगून मी काय साधलं असतं? खोटा दिलासा त्यांना आधी दोनदा मिळाला होता, फॉरमॅटच्या रूपानं आणि रोख पैसे मोजून.

रूट मिळालेला हल्लेखोर व्हार-लिब-डीपीकेजी-इन्फो या फोल्डरमधल्या चेकसमच्या फाइलीही बदलू शकतो, हे खरंच आहे. ते कोणी नाकारलंय? डेबसम्सच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की हे साधन मुख्यतः प्रशासकानं हातानं बदललेल्या किंवा डिस्कच्या दोषानं बिघडलेल्या फाइली ओळखायला आहे, सुरक्षेसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. सुरक्षेसाठी एआयडीई, ट्रिपवायर अशी साधनं पाहा. माझ्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात हेच आहे. तुम्ही तो परिच्छेद ओलांडून थेट प्रतिक्रिया लिहायला बसलात, याला मी काय करू?

आणि एआयडीई म्हणजे रामबाण असल्यासारखं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल एवढंच. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा विष मूळ सोर्सच्या अधिकृत गठ्ठ्यातच कालवलेलं होतं. डेबियन टेस्टिंगवर (डेबियनची चाचणी आवृत्ती) डेबसम्सनं ‘ओके’ म्हटलं असतं, आणि एआयडीईनं ‘अपडेटमध्ये फाइल बदलली’ अशी आणखी एक नोंद दाखवली असती, इतर शेकडो नोंदींसारखीच. ती चोरवाट पकडली आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं, कारण एसएसएच (दुसऱ्या यंत्रात दूरून शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्यांना खटकलं. प्रत्येक साधनाची एक हद्द असते. डेबसम्सची हद्द मी लेखात सांगितली होती, तुम्ही एआयडीईची सांगितली नाहीत.

एक गोष्ट मान्य करतो. नुसतं डेबसम्स चालवलं तर ईटीसी या फोल्डरमधल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइली ते पाहत नाही, त्यासाठी ‘ऑल’ हा पर्याय द्यावा लागतो. हे लेखात होतं, पण तळटीपेत. आता वर आणलंय. तुमच्या प्रतिक्रियेतल्या कंसात हा मुद्दा ओझरता आला होता, त्याबद्दल आभार.

विंडोजसाठी एसएफसी आणि डिझम ही अशी तपासणीची साधनं आहेत. पण शीर्षकात ‘डेबियन-उबुंटू’ लिहिलेल्या लेखात विंडोज का नाही, हा आक्षेप मला तरी आक्षेप वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, शेवटच्या वाक्यासकट तशीच ठेवली आहे. पुढची मुद्द्यावर असेल तर उत्तर नक्की देईन. ‘पोरकट’, ‘लेख पाडणारे’ अशाच भाषेत असेल तर मात्र ती इथे दिसणार नाही, आणि मग मेल करून कारण विचारू नका.