फावडं तरुणांच्या हाती दिलंत, हिशेबही द्या

इंदूरच्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खेड्यांतली शेकडो मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती त्यांना तोंडपाठ. १८ वर्षं पूर्ण झाली आणि मतदार यादीत नाव आलं की आपण ग्रामसभेचे सदस्य, २१व्या वर्षी पंचायतीची निवडणूक लढवता येते, सगळं ठाऊक. पण स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला कधी गेलात का, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

दोष त्यांचा एकट्यांचा नाही. सांवेर, देपालपूरकडच्या गावांत नवयुवक मंडळांना बोलावणं येतं ते मांडव घालायला, गणपती बसवायला, श्रमदानाला. काम काय करायचं, पैसा कुठे लावायचा, हे सरपंच आणि सचिव आधीच ठरवून मोकळे होतात. याला सहकार्य म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी पंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. कुठली नाली आधी, कुठला तलाव आधी, हे गावानं एकत्र बसून ठरवावं म्हणून तर विकास आराखडा असतो. २०२० पासून ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पंचायतीचा खर्च मोबाईलवरही दिसतो. पण होतं काय, मुलं त्यातली एखादी नोंद व्हॉट्सअॅपवर टाकतात, सरपंच भडकतात आणि गावात दोन तट पडतात. सरपंचांनीच मुलांना आधी बोलावून तो खर्च समोर ठेवला, तर तीच मुलं उद्या गावाला समजावून सांगतील.

आणि सरपंचताई? मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी कित्येक ठिकाणी कागद वाचतो नवरा आणि सही तेवढी ताईंची. गावातली शिकलेली मुलगी शेजारी बसून त्यांना प्रत्येक बिल वाचून दाखवू लागली, तर ताईंना दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. मला तरुणांकडून सगळ्यात मोठी आशा आहे ती इथे.

महाराष्ट्रातल्या हिवरे बाजार या गावाचं नाव आपण सगळे घेतो. १९८९ साली तिथल्या तरुणांनीच शिकलेल्या पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी गळ घातली. पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाण्याचा ताळेबंद हे सगळं ग्रामसभेत ठरलं, म्हणून टिकलं. लांब कशाला, आपल्या देवासला १९९०च्या सुमारास रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं. २००६ नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी प्रशासनाच्या साथीनं आपापल्या शेतात तळी खोदली. तलाव एकदा खोदून भागत नाही, गाळ दर काही वर्षांनी काढावाच लागतो. फोटो काढून शहरात परतणाऱ्या मंडळांनी एवढं तरी अंगावर घ्यावं.

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत सीए आहेत, अभियंते आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ओळखीच्या एखाद्या गावात जा आणि सरपंच व मंडळाची मुलं या दोघांनाही समोर बसवून पंचायतीचा जमाखर्च कसा वाचायचा ते शिकवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी हे झालं, तर आराखड्यात काय मागायचं ते मुलांना नेमकं कळेल. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, गाडीची सोय मी करते.