टाच खाली, नजर समोर

बाहेर कोणी विचारलं तर मी 'रायडिंग करतो' असं सांगतो. घरी या प्रकाराला 'तुमचं ते घोड्याचं' म्हणतात. वय 47, नोकरी विमा कंपनीत, राहणार कोथरूड. माझ्याआधी आमच्या घराण्यात घोड्यावर बसलेले शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे वडील, तेही माथेरानला, फोटो निघेपर्यंत. तरी गेलं वर्षभर दर रविवारी पहाटे साडेपाचला मी हेल्मेट घेऊन निघतो आणि खडकवासल्याच्या पुढे एका तबेल्यात तासाला 800 रुपये मोजून गोल गोल फिरतो. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर. म्हणजे मी बारगीर. फरक इतकाच की बारगिराला पगार मिळत असे.

शिकवायला दफादारसाहेब आहेत. लष्कराच्या घोडदळातून निवृत्त. त्यांचं सगळं शास्त्र चार शब्दांत मावतं: "एडी नीचे, नजर सामने." हे ते लहान मुलांना सांगतात, मला सांगतात, एकदा कुरियरवाल्या पोरालाही म्हणाले होते. माझ्यावर याचा परिणाम असा झाला आहे की स्कूटरवरून शनिवारवाड्यासमोरून जाताना बाजीरावांचा पुतळा दिसला की माझी टाच आपोआप खाली जाते. मागून बायको विचारते, "अहो, पायाला मुंग्या आल्यात का?"

वर्षभर मी राजावर बसलो. राजा 19 वर्षांचा, क्लबातला सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी. साहेब मैदानाच्या मधोमध उभे राहून "ट्रॉट" म्हणाले की तो दुडकी धरायचा, "हॉल्ट" म्हणाले की थांबायचा. त्या वेळी वर बसून मी टाच मारत असे, लगाम खेचत असे. आरतीला शेवटच्या रांगेतून टाळ्या वाजवाव्यात, तितपतच त्याचा उपयोग होता. पण राजा माझं ऐकतो असा माझा समज होता, आणि त्या समजाच्या भरात मी ट्रेल राइडचा फॉर्म भरून बसलो.

ही शर्यत नसते. मैदान सोडून डोंगराच्या कडेने, शेताच्या बांधावरून, ओढ्यातून जायचं. आमची वाट 20 किलोमीटरची होती, जागोजागी झाडांना लाल फिती बांधलेल्या. वेळ सव्वादोन तास ते पावणेतीन तास. उशीर झाला की गुण जातातच, पण लवकर पोचलं तरी जातात, कारण जनावर किती दमवलं यापेक्षा ते किती ठणठणीत परत आणलं याला किंमत. मध्ये एके ठिकाणी पशुवैद्य घोडा तपासतात आणि नाडी ठरलेल्या आकड्याच्या खाली आल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. लवकर पोचण्याचे गुण माझे कधीच कापले जाणार नव्हते, त्यामुळे निम्मी स्पर्धा मी जिंकल्यासारखीच होती.

शनिवारी रात्री साहेबांचा फोन आला. राजाच्या पुढच्या खुरात पू झालाय, तो येणार नाही.

"चांदणी को ले जाओ. नई है," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आप भी नए हो."

चांदणी म्हणजे नुकरी घोडी. गुलाबी नाक, पांढरंशुभ्र अंग. दोनच महिन्यांपूर्वी क्लबात आलेली. सकाळी घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारमामा तिचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळत होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "मामा, कशी आहे हो ही?"

"लई गरीब जनावर हाय, सायेब. तोफ लावा, हलायची न्हाई. पाच वर्सं काढली, चावली न्हाई कुणाला."

"बाहेर नेलंय का कधी? डोंगरात वगैरे?"

"डोंगर न्हाई बघितला," मामा म्हणाले आणि तंग आणखी एका भोकाने आवळला. "आधी लग्नाला जायाची."

घोड्यावर डावीकडून चढतात. जुन्या काळी तलवार डाव्या कमरेला असे, उजवीकडून चढलं तर ती मध्ये आली असती, म्हणून ही रीत. मी रिकिबीत डावा पाय घातला, चढलो, बसलो. घोडी हलेना. टाच दिली, जीभ टाळ्याला लावून चक्चक केलं, हेल्मेटच्या आत घाम आला. चांदणी मान उंच करून शांत उभी. मग लक्षात आलं की वर माणूस बसला की आधी फोटो निघतात, मग नारळ फुटतो, मग वाजंत्री सुरू होते, मग चालायचं, हा तिच्या नोकरीतला क्रम. शेवटी मामांनी हातातली बादली चमच्याने बडवली आणि आम्ही 17 क्रमांकाचे स्पर्धक म्हणून निघालो.

पहिल्या किलोमीटरमध्ये चांदणीची भीतीची यादी तयार झाली. फटाके, ट्रक, भोंगे यांचं तिला काहीच नव्हतं. ती घाबरत होती ती चुन्याने रंगवलेल्या दगडाला, वाऱ्यावर हलणाऱ्या गुटख्याच्या पुडीला, रवंथ करणाऱ्या म्हशीला आणि मुख्य म्हणजे शांततेला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं. थोडक्यात, घाबरण्यासारखं सगळं दिसतं. ही माहिती मी पुस्तकात वाचली होती, तेव्हा फार रोचक वाटली होती. प्रत्यक्षात घोडी डाव्या डोळ्याने पुडी बघते आणि सबंध घोडी उजवीकडे सरकते. पाट सरकवावा तशी, एका क्षणात, खालून. आपण जिथे होतो तिथेच असतो, फक्त घोडी तिथे नसते.

दुडकीचा त्रास वेगळाच. दुडकीत घोडा पायांची तिरकी जोडी एकदम टाकतो, एक-दोन, एक-दोन, आणि त्या ठेक्यावर स्वाराने उठायचं-बसायचं, नाहीतर पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. शाळेत वह्या विसरल्याबद्दल मी ज्या उठाबशा काढल्या, त्यांची आयुष्यभराची बेरीज त्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासात झाली असेल.

गोऱ्ह्याच्या पुढे एका फार्महाऊसपाशी चांदणी थांबली ती थांबलीच. समोर लोखंडी गेट, गेटला फुलांची कमान, बहुधा त्यामुळेच. गेटवर पाटी: 'गेटसमोर वाहन लावू नये. हवा सोडली जाईल.' मी टाच देतोय, विनवतोय, तेवढ्यात आतून बनियनमधले एक काका चहाचा कप घेऊन आले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, चारी पायांकडे सावकाश पाहिलं. बराच विचार करून म्हणाले, "हिची कशी सोडायची?" मग त्यांनीच घंटा वाजवली, दारावरची, आणि घोडी निघाली.

ओढ्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण माझी बाजू फारशी भक्कम नाही. ओढा म्हणजे दोन फूट रुंदीचा ओहोळ, घोटाभर पाणी. घोडी पाण्याला बिचकली तर पुढे शांत घोडा ठेवावा, तिला मान खाली घालून वास घेऊ द्यावा, घाई करू नये. मी घाई केली नाही. मागून आलेले क्रमांक 18, 19 आणि 21 'गुड मॉर्निंग' म्हणत पलीकडे गेले. चांदणीने वास घेतला, फुरफुरली, एक पाऊल मागे आली. मी म्हटलं, बरं, विचार करतेय. तिचा विचार पूर्ण झाला आणि तिने उडी मारली. दोन फुटांच्या ओहोळावर आठ फुटांची. मी त्या उडीच्या पहिल्या चार फुटांपर्यंत तिच्यासोबत होतो. नंतर शुद्धीवर आलो तेव्हा खोगीर मागे होतं आणि मी मानेवर, दोन्ही हात तिच्या गळ्यात, नाक आयाळीत. ऊस, घाम आणि किंचित अत्तर असा वास होता. साहेबांचे शब्द आठवले. नजर समोर होती. टाचा कुठे होत्या सांगता येत नाही.

आणि मग, साधारण नवव्या किलोमीटरला, वाऱ्यावर बँजोचा आवाज आला.

चांदणीचे दोन्ही कान पुढे झाले. तासाभरात पहिल्यांदाच तिच्या अंगातली भीती गेली, पाठ सैल झाली, आणि माझ्याकडून कसलीही सूचना नसताना तिने दुडकी सोडून सरळ चौखूर धरली. लाल फिती डावीकडे गेल्या, आम्ही उजवीकडे. घोडा उधळला तर एकच लगाम ओढून त्याचं तोंड आपल्या गुडघ्याकडे वळवावं, म्हणजे तो थांबतो, असं शिकवतात. मी लगाम ओढला. तिने तोंड माझ्या गुडघ्याशी आणलं, माझ्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं, आणि तशीच वाकड्या मानेने पुढे पळत राहिली.

गावाच्या वेशीत परण्या, म्हणजे नवरदेवाची देवळापर्यंतची मिरवणूक, निघायचा होता. शेरवानी, फेटा, हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन नवरदेव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला. त्याच्या खुर्चीपासून बरोबर दोन हातांवर चांदणी येऊन थांबली. खिंकाळली नाही, फुरफुरली नाही. कामावर वेळेत पोचलेल्या माणसासारखी उभी राहिली.

"आवं घोडीवालं, किती वाट बगायची!" एक फेटेवाले मामा ओरडले. "मुहूर्त तुमच्या बापाचा हाय का?"

"मी घोडीवाला नाही. मी स्पर्धक आहे," मी म्हणालो. छातीवरचा 17 आकडा दाखवला.

"कितवी बी घोडी आसंना. उतरा."

दोघांनी मला काखेत धरून उतरवलं. तिघांनी नवरदेवाला चढवलं. एक मुलगा त्याच्या पुढ्यात बसवला. करवलीने घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं. खोगिराला धरायला काही नाही म्हणून नवरदेवाने आयाळ धरली आणि लगाम माझ्या हातात आला. मी सगळ्यांना समजावून सांगणार होतो. पण बँजोवाल्याने ठेका धरला आणि चांदणी नाचायला लागली.

मी वर्षभर जे शिकलो ते तिला येत नव्हतं, पण तिला जे येत होतं ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. जागच्या जागी चारी खूर ताशाच्या प्रत्येक ठोक्यावर, मान कमानीसारखी, वरचा नवरा जराही न हिंदकळता. शेजारी सुतळी बॉम्ब फुटला, पापणी हलली नाही. बिचकलो मी. मघाशी गुटख्याच्या पुडीला पाहून उडणारी हीच का, असं मी तिच्याकडे बघत राहिलो. क्लबात सगळे तिला नवखी म्हणायचे. तिची पाच वर्षांची सर्व्हिस झाली होती, फक्त खातं वेगळं होतं.

मारुतीचं देऊळ तीनशे मीटरवर. पोचायला 40 मिनिटं लागली. एका आजींनी घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, तिला ओवाळलं, मग तबक तसंच माझ्याकडे वळवून मलाही ओवाळलं. फेटेवाल्या मामांनी टॉवेल, टोपी, नारळ दिला. टोपी हेल्मेटवर बसेना, तरी त्यांनी बसवली. वर 500 रुपयांची नोट. बारगिराला शेवटी पगार मिळाला.

तेवढ्यात टेम्पोतून खरा घोडीवाला आला, धायरी फाट्याच्या ट्रॅफिकमधून सुटून. त्याने माझ्या बुटांकडे, नंबराकडे, टोपीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, कितीत केलं? भाव पाडून धंदा बिघडवू नका."

तपासणीच्या ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर डबा उघडून बसले होते. त्यांनी चांदणीच्या आयाळीतला गुलाल झटकला, हिरडी दाबून रंग परत किती वेळात येतो ते पाहिलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोटाला स्टेथोस्कोप लावला. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. चांदणीची 44 भरली. माझ्या घड्याळात माझी 138 दाखवत होती. मग शेवटची परीक्षा: घोडी लगामाला धरून आपण शेजारी पळायचं, सरळ रेषेत जाऊन यायचं, म्हणजे जनावर कुठल्या पायाने लंगडतंय ते कळतं. आम्ही पळून आलो.

"डावा पाय," डॉक्टर म्हणाले. "लंगडतोय."

माझं काळीज लक्कन हललं. "पुढचा की मागचा?"

"तुमचा," डॉक्टर म्हणाले.

चार तास दहा मिनिटांनी आम्ही परत आलो आणि वेळेच्या नियमाखाली बाद झालो. चांदणीला मात्र प्रकृतीचे पूर्ण गुण होते. घरी बायकोने बॅग उघडली. टॉवेल, टोपी, नारळ एकेक करून टेबलावर मांडलं आणि विचारलं, "स्पर्धेत हे देतात?" मी "सहभागाबद्दल" असं म्हणालो.

बुधवारी ऑफिसात दफादारसाहेबांचा फोन आला. मला वाटलं, ओरडणार.

"तीन पार्टी पूछ रही है चांदणी के लिए. तेरह तारीख खाली है?"

"साहेब, पण ती आता क्लबाची घोडी आहे ना? मामांना पाठवा फार तर."

"मामा नहीं चाहिए उनको," साहेब म्हणाले. "बोल रहे हैं, वो हेल्मेटवाला आएगा तो ही."

मी कालनिर्णय उघडलं. 13 तारखेला शनिवार होता.