रिव्हर्स गिअरमधलं पार्श्वसंगीत

एकसष्टीला हल्ली व्हिडिओ लागतो. पूर्वी शांत केली, दिव्यांनी ओवाळून घेतलं, दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या की माणूस म्हातारा व्हायला मोकळा. आता जन्मापासूनचे फोटो पडद्यावर सरकतात, मागे गाणी वाजतात आणि विहीणबाईंना रीतसर डोळे टिपावे लागतात. माझा व्हिडिओ पुतणी करतेय. फोटो तिने परस्पर जमवले, घोडं अडलंय गाण्यांपाशी. "काका, तुमच्या आयुष्यातल्या मोठ्या क्षणांची गाणी लिहून द्या. दहा ते तीस या वयात ऐकलेलं संगीत सगळ्यात घट्ट लक्षात राहतं. मानसशास्त्रवाले सांगतात."

राहिलंय ना, चांगलं घट्ट राहिलंय. पण ते मी कुठं निवडलं होतं? मोठ्या क्षणी काय वाजायचं हे शेजारी, बँडवाले आणि नात्यातल्या बायका ठरवतात. आपण फक्त हजर असतो.

बारावीचा निकाल घ्या. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत समोरच मांडव पडलेला आणि कर्ण्यावर बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. ज्या खाँसाहेबांनी १९४७ साली स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर सनई वाजवली, त्यांनाच मी काठावर पास झाल्याचंही वाजवावं लागलं. वडील पेपरातला नंबर पुन्हा पुन्हा तपासत होते आणि बाहेर असं मंगल चाललं होतं की समोरच्या वऱ्हाडातल्या कुणीतरी येऊन आम्हालाही पेढे दिले. वडिलांनी ते निमूट घेतले. माझ्या निकालाचे तेवढेच पेढे.

पुढे मुलगी बघायचा कार्यक्रम, सिडकोत. पोहे झाले, चहा झाला, आणि मोठी माणसं "तुम्ही बोला" म्हणून आतल्या खोलीत जाऊन दाराला कान लावून बसली. मी काही बोलणार तोच खाली शेजाऱ्यांची नवी मारुती मागे घ्यायला सुरुवात झाली. त्या काळी गाडी रिव्हर्सला टाकली की बेंजोछाप धून वाजायची. ती वाढदिवसाची होती. गल्ली अरुंद, चालवणारा शिकाऊ. गाडी हातभर मागे, धून, पुढे, शांतता, परत मागे, परत धून. मी "तुम्हाला काय आवडतं" एवढं विचारायला तोंड उघडायचो की खाली कुणाचा तरी वाढदिवस. शेवटी ती हसली, मी हसलो, आणि आतून "जमलं!" असा आवाज आला. आमच्या प्रेमाचं गाणं हेच. पुतणीला सांगितलं तर म्हणाली, "काका, हे नेटवर मिळणार नाही."

लग्न मात्र खास. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्याआधी नवरदेव मारुतीला निघाला तेव्हा बँडने नागिणीची धून धरली आणि माझ्या सख्ख्या मामाने तोंडात रुमाल धरून भर रविवार कारंज्यावर फणा काढला. ती पुंगी मुळात पुंगीच नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात ती कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. हे मी मामाला नंतर सांगून पाहिलं. मामा म्हणाला, "मग मी काय खरा नाग होतो?"

तर मंगलाष्टकं. मावशीने स्वतः रचलेली, घडी घातलेल्या फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी. तिला शार्दूलविक्रीडितच लागतं. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबायचं, आणि त्या एकोणिसात समस्त कुटुंब बसवायचं. ती ओळ मला अजून पाठ आहे:

"आत्या, काकु, मधू, सुधा, वसुमती, नानी नि दादा उभे."

वृत्त चोख आहे, मोजून बघा. पण त्यासाठी काकूचा ऊकार ऱ्हस्व झाला आणि काकू, ज्या खरोखरच शेजारी उभ्या होत्या, त्या रुसल्या. "वसुमतीला चार अक्षरं आणि मला दीड!" इकडे मी अंतरपाटामागे हार धरून उभा, खांदे भरून आलेले. प्रत्येक 'सावधान'ला लोकांना वाटे हे शेवटचं, म्हणून ते मूठभर अक्षता एकदम उधळत. तिसऱ्या कडव्यानंतर अक्षता संपल्या आणि मुलांनी जमिनीवरच्या गोळा करून नेम धरायला सुरुवात केली. गुरुजींनी आधी घड्याळ बघितलं, मग मावशीकडे, मग वर. मुहूर्त टळून गेला तेव्हा मावशीने कागद उलटला होता आणि मागच्या बाजूला माझं बालपण सुरू झालं होतं.

माझ्या वडिलांना या सगळ्याचा फार त्रास व्हायचा. कारण आमच्या पंचवटीत विष्णू दिगंबर पलुसकर राहून गेले. १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढणारे पंडितजी उत्तरायुष्यात इथे रामनाम आधार आश्रमात रामभजनात रमले. गांधीजींच्या प्रार्थनेतल्या रामधुनीच्या चालीचं श्रेयही त्यांनाच देतात. "अशा गावात जन्मून तुझ्या वाट्याला हे?" असं वडील म्हणत. काय उत्तर द्यायचं?

मुलीच्या लग्नात मी ठरवलं होतं, पाठवणीला मंद सतार. गंगापूर रोडच्या लॉन्सवाल्याने मान डोलावली, आणि व्याह्यांनी ढोल आणला. नाशिक ढोलाबद्दल मला अभिमान आहे. मंगळुरूपासून केरळपर्यंत तो याच नावाने वाजतो, म्हणजे गाव सोडून पळायचीही सोय नाही. पण तो कानांनी ऐकायचा नसतो, बरगड्यांनी ऐकायचा असतो. लेकीला जवळ घेतलं आणि भरल्या गळ्याने म्हणालो, "सुखी राहा." तिने ऐकलं, "काय राहिलं?" आणि घाबरून पर्स उघडली. तिने आईला विचारलं, आईने आत्याला, आणि पुढची पंधरा मिनिटं समस्त बायका गाडीची डिकी उपसत होत्या. सापडला एक चार्जर. तो व्याह्यांचा निघाला.

नातू झाला तो एप्रिल २०२० मध्ये. आजोबा झाल्याची बातमी द्यायला ज्याला फोन लावावा तिकडून आधी खोकला, मग हात धुवायच्या सूचना. बारसं मोबाइलवर. पाळणा म्हणायला सगळ्या आज्या वेगवेगळ्या चौकोनांत. नेटवर्क मागेपुढे, त्यामुळे नगरची आजी दुसऱ्या कडव्यावर असताना पुण्याची पहिल्यावर, आणि मावशी अर्थातच स्वतःच्या रचनेवर. आत्याने कानात नाव सांगितलं, "कुर्रर्र" मात्र बाळाला दूध पाजून झाल्यावर आलं. हे मी यादीत खोकल्यासकट लिहिलं. पुतणीने यादी वाचली, मला कोपऱ्यापासून हात जोडले आणि सगळीकडे एकच पियानो टाकला. आमच्या हिने ऐकून विचारलं, "हे आपल्या लिफ्टमध्ये लागतं ना?"

मग मी विचार केला, एक गाणं तरी आपल्या पसंतीचं असावं. उरलंय एकच. म्हणून गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांकडे गेलो. म्हटलं, अण्णा, आमच्या शेवटच्या दिवशी अमुक अभंग घ्या, ठाय लयीत, आणि चिपळ्या जरा बेताने. त्यांनी भाता बंद केला, खिशातून छोटी डायरी काढली.

"घेऊ की. पण तारीख आधी कळवा. एकादशीला आणि दत्तजयंतीच्या सप्ताहात आम्ही बुक असतो."