सायकलचा फोटो बघितला, आता रस्ता सांगा

सायकलवाल्यांच्या गप्पांत पहिला अर्धा तास सायकलवरच जातो. कुठली घेतली, कितीला पडली, डिस्क ब्रेक ऑइलचे की केबलचे, फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची. मग फोटो. सायकल कठड्याला टेकवलेली, पायडल बरोबर आडवं, पाठीमागे दरी. फोटो सुंदर असतात, मीही बदाम देऊन मोकळी होते. पण ज्या रस्त्यावर तो फोटो काढला त्याबद्दल काय लिहिलेलं असतं? "कास राइड. ऑसम वेदर." बास, विषय संपला.

साताऱ्यात राहून हे असं चालतं याचं मला फार वाईट वाटतं. शहर साधारण साडेसातशे मीटरवर. एका अंगाला अजिंक्यतारा, दुसऱ्या अंगाला यवतेश्वरचा डोंगर, खाली कृष्णा आणि वेण्णा. घरातून टांग मारली की अर्ध्या तासात माणूस एकतर घाटात असतो, नाहीतर उसात. आणि नवी सायकल घेतलेल्या कुणालाही विचारा, त्याला दोनच रस्ते ठाऊक असतात: कास आणि हायवे. एक त्याचे गुडघे घालवतो, दुसरा त्याच्या घरच्यांची झोप. दोन महिन्यांत ती सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

सायकलबद्दल बोलूच नये असं मी म्हणत नाही. बोला की. माझी साधी हायब्रीड आहे, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली, पुढे तीन चेनव्हील (पायडलजवळची दातेरी चक्रं), ३५ मिलिमीटरचे टायर, मडगार्ड, कॅरियर आणि घंटी. कॅरियरवरून आमच्या ग्रुपात मला "दूधवाल्या बाई" म्हणतात. म्हणोत बापडे. जुलैत परतताना सगळ्यांच्या पाठीवर मणक्याच्या रेषेत चिखलाचा पट्टा असतो, माझ्या नसतो. आणि येताना संगमाजवळून भाजी आणायची सोय फक्त माझ्याकडे असते.

पण सायकलबद्दल बोलायचंच तर जे कामाचं आहे ते बोला. आमच्याकडे सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दाते. दुकानात हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून मांडते. ७०० सी, म्हणजे रोडबाइकला आणि हायब्रीडला असतं त्या मापाच्या चाकाचा घेर धरा २.१ मीटर. पुष्कळ रोडबाइकवर पुढचं लहान चेनव्हील ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं असतं. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. खड्या चढाला तुमच्या-माझ्यासारखा माणूस ताशी सहा किलोमीटरने चढतो, म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. त्या वेगात मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे पडतात. प्रत्येक फेरा गुडघ्यावर जोर देऊन, दात-ओठ खाऊन. आता पुढे २८ आणि मागे ३४ असलेली हायब्रीड घ्या. एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, त्याच वेगाला साठाच्या जवळपास फेरे. पाय फिरत राहतात, श्वास लागतो पण गुडघा ओरडत नाही. रोडबाइकच हवी असेल तर मागे ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसते का, एवढं आधी विचारा. फ्रेम दोनशे ग्रॅमनं हलकी मिळावी म्हणून आपण पैसे मोजतो आणि हा प्रश्न विचारायला मात्र विसरतो.

आमच्या वडलांच्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असत. एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर. हिशेब करून बघा, सहाच्या वेगाला मिनिटाला वीस फेरेही होत नाहीत. म्हणून ती माणसं घाट आला की निमूट उतरायची आणि सायकल हातात धरून चालायची. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. आता मात्र चढावर उतरलं की लोक आधी मागे कुणी बघतंय का ते पाहतात!

असो. रस्त्याकडे येते.

नवीन माणसाला मी पहिल्यांदा माहुलीला पाठवते. पोवई नाक्यावरून कोरेगाव रस्ता धरायचा, पाचेक किलोमीटरवर कृष्णा-वेण्णेचा संगम. चढ नावापुरता. घाटावर विश्वेश्वराचं देऊळ आहे आणि पलीकडचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. हे झालं पाटीवरचं. मी सांगते ते असं: पहाटे साडेसहाच्या आत संगमावर पोचा, कारण नंतर कोरेगावच्या बाजूने वाहनं वाढतात. डिसेंबर-जानेवारीत नदीच्या पट्ट्यात धुकं इतकं दाट असतं की मागचा लाल दिवा चालू नसेल तर जाऊच नका. पाय हलके वाटले तर तसंच पुढे जरंडेश्वराचा डोंगर जवळ येईपर्यंत जा आणि फिरा. या रस्त्यावर कुणी दमून सायकल सोडलेली मी पाहिलेली नाही.

दुसरा रस्ता लिंबचा, बारा मोटांच्या विहिरीचा. सोळा-सतरा किलोमीटर. विहीर बघण्यासारखीच आहे, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधली, अष्टकोनी, आणि आत चक्क दरबाराची जागा. पण बहुतेक अंतर हायवेच्या कडेने काढावं लागतं, हे त्या विहिरीचे फोटो टाकणारे सांगत नाहीत. सर्व्हिस रोडवर समोरून उलट्या दिशेने मोटरसायकली येतात, तेही बिनदिव्याच्या. म्हणून हा रस्ता उजाडल्यावरच. फाट्यावरून आत वळलं की मग जीव भांड्यात पडतो. रस्ता अरुंद, दोन्हीकडे शेती आणि विहिरीपाशी सावली.

तिसरा सज्जनगडाचा, माझा सर्वांत आवडता, आणि या एकाच रस्त्याबद्दल मी तासभर बोलू शकते. समर्थ मंदिरावरून बोगद्यापाशी या. बोगद्याच्या अलीकडून उजवीकडे वर गेलात तर यवतेश्वर आणि कास, बोगद्यातून आरपार गेलात तर परळी खोरं. बोगद्यात दिवा लावा, लांबी फार नाही पण आत डोळे सरावायच्या आधीच समोरची जीप दिसायला हवी. पलीकडे निघालात की उतार लागतो आणि माणूस खूश होतो. तो उतार लक्षात ठेवा, कारण येताना तोच चढायचा आहे, ऊन वर आलेलं असताना, पाण्याची बाटली रिकामी असताना. निम्मे लोक गडावर पोचल्याच्या आनंदात हे विसरतात आणि मग बोगद्याच्या अलीकडे झाडाखाली बसलेले सापडतात. पाणी परळीतच भरून घ्या. परळीत जुनी शंकराची देवळं आहेत, पायऱ्यांवर बसून केळं खायला त्याहून चांगली जागा या भागात नाही. उरमोडी धरणाचं पाणी भरलेलं असेल तर गडाच्या वळणांवरून ते डावी-उजवीकडे आलटून पालटून दिसत राहतं, त्यामुळे चढ अर्धा जाणवत नाही. वरची वळणं खडी आहेत. वळणाच्या आतल्या बाजूने जाऊ नका, तिथे चढ सर्वांत उभा असतो. मधून घ्या, पण आधी मागे बघून.

तिथूनच पुढे ठोसेघर आणि चाळकेवाडीचं पठार. चाळकेवाडीला पवनचक्क्या का उभ्या केल्यात, याचा विचार सायकलवर बसण्याआधी करावा. जून-जुलैत वारा पश्चिमेकडून येतो आणि पठारावर अडवायला झाडसुद्धा नाही. जाताना सपाटीला सुद्धा घाट चढल्यासारखं वाटतं. येताना तोच वारा पाठीत बसतो आणि आपण मोठे सायकलपटू झालो असं वाटायला लागतं. स्ट्राव्हा ॲपवर त्या दिवशीचा वेग बघून कुणी स्वतःबद्दल मत बनवू नये.

ऑगस्टनंतर पठारावरच्या रस्त्यांच्या कडेला शेवाळ धरतं. डांबर कोरडं दिसतं, पण कडेचा हातभर पट्टा साबणासारखा असतो. गाडीला वाट द्यायला म्हणून आपण नेमके तिथेच जातो.

मग उसाचा हंगाम. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत संध्याकाळी साडेपाचनंतर मी कुठल्याच कारखान्याच्या रस्त्याला जात नाही. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, गाणी एवढी मोठी की तुमची घंटी ऐकूच जात नाही. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावर पुढचं चाक गेलं की हँडल हातात राहत नाही. आणि त्या ट्रॉलीला मागून धरून चढ काढायची आपली शाळेतली सवय, ती शाळेतच राहू द्या.

यातलं काहीही नकाशावर नसतं. ॲप अंतर सांगतं, किती मीटर चढ ते सांगतं. वळणावर खडी सांडलेली आहे, अमुक वस्तीवरची कुत्री सातच्या आधी मोकळी असतात, चहाचं दुकान सोमवारी बंद, हे माणूसच सांगणार.

आणि बायकांना तर वेगळंच सांगावं लागतं, ते पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. मला रस्ता विचारायला येणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न चढाचा नसतोच. स्वच्छतागृह कुठे आहे, हा असतो. कुठल्या पेट्रोलपंपावरचं उघडं असतं, कुठल्या पंपावर "चावी साहेबांकडे आहे" असं उत्तर मिळतं. कुठल्या टपरीवर बाई बसते. कुठल्या पट्ट्यात पहाटे एकटीने जावं आणि कुठल्या पट्ट्यात दोघीतिघी असल्याशिवाय जाऊ नये. ही माहिती आम्ही एकमेकींना फोनवर देतो, जाहीरपणे कुठेच नाही. कितीतरी जणी पाणी न पिता सायकल चालवतात, केवळ या एका अडचणीपायी, आणि मग चाळीस किलोमीटरला डोकं का दुखलं याचं उत्तर शोधत बसतात. सकाळच्या ग्रुपात बायका का येत नाहीत असं विचारणाऱ्यांनी आधी रस्त्याच्या वर्णनात ही एक ओळ घालायला सुरुवात करावी.

आता यावर आमच्यातल्याच काही जाणत्यांचा आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. ते म्हणतात, रस्ते सांगू नका. सांगितले की जत्रा भरते. कासचं बघा ना. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून पठार जागतिक वारसा यादीत गेलं, आणि आता फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. सप्टेंबरातल्या रविवारी त्या घाटात सायकल नेणं म्हणजे चार किलोमीटर क्लचचा वास घेत जाणं. त्यापेक्षा मंगळवारी पहाटे जा, सीतेची आसवं काही फक्त रविवारी फुलत नाहीत.

पण कासला गर्दी झाली ती सायकलवाल्यांनी रस्ता नीट सांगितल्यामुळे झाली का? ती झाली फोटोमुळे. ज्या फोटोत फक्त जांभळा गालिचा दिसतो, त्यात ना चढ असतो, ना वारा, ना पाणी कुठे मिळेल ते. तो फोटो बघून माणूस गाडी काढतो. आणि "परळीत पाणी भरा, मागे ३४ दाते असू द्या, वारा समोरून येईल" असं वाचून कुणी इनोव्हा काढत नाही. ज्याला घाम गाळायचा आहे तोच जातो. त्याने नेलेली केळ्याची साल त्याच्याच खिशातून परत यावी, एवढी अट आपण घालू शकतो.

आडबाजूचे दोन-तीन रस्ते मी स्वतःही असे उघड लिहिणार नाही, हे कबूल. एका वाडीत म्हातारी आजी सायकल दिसली की ताकाचा तांब्या घेऊन बाहेर येते, पैसे घेत नाही. तिचं गाव इथे लिहिलं तर पुढच्या रविवारी तिच्या दारात वीस जण उभे राहतील. ज्याला जायचंय त्याला मी बरोबर घेऊन जाईन.

बाकी सगळं सांगायला मी तयार आहे आणि मला विचारायचंही आहे. या हिवाळ्यात दोन रस्ते करायचेत. एक, कासवरून खाली बामणोलीला, कोयनेच्या फुगवट्यापर्यंत. उतरायला मजा येणार हे दिसतंच आहे, पण तेवढंच परत चढताना सावली किती वाजेपर्यंत राहते? वाटेत कुठल्या घरी पाणी मिळतं? दुसरा, मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर. पसरणीचा घाट मी ओळखते, वाईपासून बारा किलोमीटरमध्ये जवळपास सहाशे मीटर, एकसारखा चढ, एकदा लय सापडली की माणूस पाचगणीलाच उतरतो. केळघरची लय मला माहीत नाही. या पावसाळ्यानंतर डांबर टिकलंय का, वळणांवर माती आलेली आहे का, सकाळी एसटी किती वाजता समोरून येते, आणि मेढ्याच्या पुढे बाईमाणसासाठी स्वच्छतागृह कुठे आहे. नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर लिहा. सायकलचा फोटो नसला तरी चालेल.