जेम्स वत्ताना: 147 च्या आधीची सहा वर्षं

थायलंडच्या स्नूकरचा विषय निघाला की आपल्याकडच्या क्लबांत दोनच वाक्यं ऐकू येतात. "ती पोरं काय पॉट करतात यार!" आणि "पण पुढे टिकत नाहीत." पहिलं खरं आहे. दुसरं अर्धवट आहे आणि त्याचं जे कारण सांगितलं जातं (स्वभाव, घाई, शिस्त नाही वगैरे) ते मला साफ चुकीचं वाटतं. त्यासाठी थायलंडचा व्यावसायिक खेळाडू जेम्स वत्ताना याची सुरुवातीची वर्षं नीट बघावी लागतात. त्याचे 147 (एका पाळीत सलग मिळवता येणारे सर्वाधिक गुण) सगळ्यांना आठवतात, त्याआधीचं कुणाला आठवत नाही.

वत्तानाचा जन्म 17 जानेवारी 1970 चा, बँकॉकचा. आई स्नूकरचा क्लब चालवायची. ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे, कारण थायलंडमध्ये तेव्हा बिलियर्ड्स-स्नूकर 1935 च्या जुगार कायद्याच्या यादीत यायचं. क्लबला परवाना लागायचा आणि लहान पोरांना आत घेताना मालक दहादा विचार करायचा. घरचाच क्लब असेल तर टेबल फुकट आणि वेळ हवा तेवढा. तिकडे लोक वत्तानाला 'तोंग सित चोय' म्हणतात. 'सित' म्हणजे शिष्य, म्हणजे चोयचा शिष्य तोंग. मुए थाईचे बॉक्सर नावापुढे असंच गुरूचं किंवा जिमचं नाव लावतात. आपल्याकडे गाणारा माणूस घराणं सांगतो, तसंच काहीसं.

आता वर्षं बघा. 1986: सोळा वर्षांचा असताना बँकॉकमधली कॅमू थायलंड मास्टर्स जिंकला आणि तिथे त्याने हरवलं कुणाला, तर स्टीव्ह डेव्हिस, डेनिस टेलर आणि टेरी ग्रिफिथ्स. तिघंही माजी किंवा त्या काळातले जागतिक विजेते. निमंत्रितांची स्पर्धा होती हे मान्य, पाहुणे पूर्ण ताकदीने खेळले असतील असंही नाही. त्याच वर्षी आशियाई हौशी विजेतेपद. 1988 ला ते पुन्हा, आणि त्याच वर्षी सिडनीत जागतिक हौशी विजेतेपद. तेव्हा कुठे 1989 मध्ये तो व्यावसायिक झाला. म्हणजे सोळाव्या वर्षी डेव्हिसला हरवून हा मुलगा आणखी तीन वर्षं हौशीच खेळत राहिला! त्या काळी व्यावसायिक सर्किट सगळ्यांना खुलं नव्हतं, ते 1991 ला झालं. त्यामुळे थांबण्यात निवडीपेक्षा सक्ती जास्त असेल. पण फायदा व्हायचा तो झाला.

फायदा कसला? हौशी स्पर्धेत आठ-दहा दिवसांत दहाएक सामने होतात. आधी गटसाखळी, मग बाद फेरी. रोज वेगळं टेबल, वेगळं कापड आणि वेगळ्या पद्धतीचा प्रतिस्पर्धी. कुणी पन्नास मिनिटं फ्रेम (एक डाव) ओढणारा, कुणी पहिल्या संधीला साठ मारणारा. अंतिम सामना 11 फ्रेम जिंकण्याचा, तो दोन सत्रांत खेळायचा. अशा सामन्यांत माणूस हरायलाही शिकतो आणि मागे पडल्यावर फ्रेम वाचवायलाही. व्यावसायिक झाल्यावर हे शिकायला जाल तर प्रत्येक धड्याची किंमत रँकिंगमध्ये मोजावी लागते.

वत्ताना इंग्लंडला गेला, ब्रॅडफर्डला राहिला. तेव्हा रँकिंग वर्षातून एकदाच, जागतिक स्पर्धेनंतर बदलायचं. त्यामुळे नवा खेळाडू कितीही जोरात असला तरी पूर्ण हंगाम त्याला पात्रता फेऱ्यांच्या तळापासून चढावं लागायचं. तरीही पहिल्याच हंगामात, ऑगस्ट 1989 मध्ये, बँकॉकच्या एशियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत पोचला आणि स्टीफन हेंड्रीकडून 9-6 असा हरला. 1991 च्या वर्ल्ड मास्टर्समध्ये पहिला 147, 1992 च्या ब्रिटिश ओपनमध्ये टोनी ड्रॅगोविरुद्ध दुसरा. त्याच ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात तो जिमी व्हाइटकडून 10-7 ने हरला. 1992 मध्येच स्ट्रॅचन ओपनमध्ये जॉन पॅरटला 9-5 ने हरवून पहिली रँकिंग स्पर्धा जिंकली. 1993 ला क्रूसिबलमध्ये, म्हणजे जागतिक स्पर्धेत, उपांत्य फेरी. सर्वोच्च रँकिंग तीन.

त्या तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त आवडतात ती हरलेली फायनल. नवखा पोरगा हेंड्रीकडून सहा फ्रेम घेऊन हरतो, म्हणजे तो लांबच्या सामन्यात पुरा पडतो.

आता टेबलाचं बोलू, कारण इथेच आशियाई पोरांची पहिली सहा महिन्यांची वाट लागते. दमट हवेत कापड ओलावा धरतं, बॉल जड चालतो आणि कुशन मऊ पडतं. मोठ्या स्पर्धांच्या टेबलांना खालून हीटर असतो, कापड बारीक आणि नवं असतं. तोच फटका तिथे दीड-दोन फूट जास्त पळतो. काळा पॉट केल्यावर पांढरा लालांजवळ थांबायचा, तो पुढे जाऊन कुशनला चिकटतो. मग क्यूची (खेळायच्या काठीची) मागची बाजू उचलावी लागते, फटका वाकडा होतो आणि ब्रेक (सलग गुणांची पाळी) 35 वर मरतो. पोरं यावर उपाय म्हणून हात हळू करतात. तिथेच चुकतं. हळू केला की क्यू बॉलपाशी पोचेपर्यंत डळमळतो. वेग तोच ठेवून मागे ओढणं दोन-तीन इंच कमी करायचं. रोज एक तास काळ्याच्या रेषेत पंधरा लाल मांडून फक्त अंतर बसवायचं, आणि दुसरा तास सेफ्टीचा (समोरच्याला सोपा फटका मिळू न देण्याचा): लालाला बारीक काठावर लावून पांढरा बॉक कुशनपासून (जिथून डाव सुरू होतो त्या टोकाच्या कडेपासून) सहा इंचांत परत आणायचा. दहापैकी सात वेळा येत नसेल तर शतकं मोजायची गरज नाही.

सध्याच्या व्यावसायिक टूरवर साधारण 128 खेळाडू असतात. नव्याला दोन वर्षं टूरवर खेळायचं कार्ड मिळतं. सुरुवात शून्यापासून, रँकिंग म्हणजे दोन वर्षांत कमावलेले पौंड, आणि शेवटी पहिल्या 64 मध्ये असाल तर राहा. 2022-23 पासून हंगामाला 20,000 पौंडांची हमी आली, पण ती बक्षिसातून वळती होणारी उचल आहे. म्हणजे 19 वर्षांच्या मुलाला भाषा, थंडी, जेवण, टेबल आणि सेफ्टी हे सगळं दोन वर्षांत जमवायचं, तेही कधी सुरुवातीच्याच फेऱ्यांत टॉप 16 मधला कुणीतरी समोर असताना. वत्तानाने यातलं निम्मं 1989 च्या आधीच उरकलं होतं.

थायलंडच्याच थेपचैया उन-नूचं उदाहरण घ्या. 2008 चा जागतिक हौशी विजेता, पण टूरवर पहिल्या खेपेला टिकला नाही. परत आला. 2015 च्या यूके चॅम्पियनशिपमध्ये नील रॉबर्टसनविरुद्ध 140 वर असताना शेवटचा काळा हुकला, 147 हुकला आणि त्याचे 44,000 पौंड गेले. रॉबर्टसनने पुढे त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये 147 मारला! (नशिबाला विनोदबुद्धी असते ती अशी.) उन-नू 2019 ला शूट आउट ही रँकिंग स्पर्धा जिंकला तेव्हा चौतिशीला टेकला होता. त्याला 'टिकला नाही' म्हणणाऱ्यांनी पहिल्या खेपेलाच मोजणी बंद केली होती.

आपल्याकडे हाच हिशेब लागू पडतो. मुंबईचा आदित्य मेहता 2013 ला दिल्लीत इंडियन ओपनच्या फायनलपर्यंत गेला, डिंग जुनहुईकडून 5-0 हरला. आता मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा 2023 पासून टूरवर आहे. आशियाई क्यू स्कूल (टूरचं कार्ड मिळवून देणारी पात्रता स्पर्धा) अलीकडे बँकॉकमध्ये झालंय, त्यामुळे आपल्या पोरांना ते जवळ वाटतं आणि सतराव्या वर्षीच आईबाप फॉर्म भरायला निघतात. माझं मत: आशियाई 21 वर्षांखालील आणि आशियाई खुल्या गटात बाद फेरीपर्यंत दोनदा पोचेपर्यंत फॉर्म भरू नये. कार्ड लवकर मिळणं हेच सगळ्यात महाग पडतं.

आणि ज्यांनी भरलाच आहे त्यांच्यासाठी: सामने बेस्ट ऑफ सेव्हन असतात, चार फ्रेम गेल्या की घरी. निदान चार दिवस आधी पोचा. क्यूच्या टोकाची टिप बदलायची तर निघायच्या तीन आठवडे आधी बदला, नवी टिप बसायला आणि कडा गोल व्हायला तेवढा वेळ लागतोच. क्यू विमानात सामानात द्यायची असेल तर कडक केसमध्ये, जोड सुटा करून. बाहेरच्या दमट हवेमुळे लाकूड चिकट लागतं, म्हणून खिशात सुका रुमाल ठेवा आणि पहिल्या फ्रेमच्या आधी क्यू दोनदा पुसा.