जुने घर घेता, मग त्याचे जुनेपण का पुसून टाकता?

आज सकाळी एका परिचितांनी त्यांच्या नूतनीकरण केलेल्या जुन्या घराचे फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "बघा, ओळखू तरी येते का?" ओळखू येत नव्हते, आणि त्याचेच मला दिवसभर वाईट वाटत राहिले आहे. हेच घर विकत घेतले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने फोटो पाठवले होते. त्यांत जाड भिंती होत्या, खोल खिडक्या होत्या, कित्येक पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला जिन्याचा कठडा होता आणि पलीकडचे झाड किंचित थरथरल्यासारखे दाखवणारी जुनी काच होती. आजच्या फोटोंत भिंती चकचकीत आहेत, तुळया पीओपीच्या छताआड गेल्या आहेत आणि खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. जे पाहून घर घेतले, तेच पैसे मोजून काढून टाकले.

त्या काचेसाठी तर मला फारच हळहळ वाटते. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती एकसारखी सपाट करण्याची पद्धत १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित झाली. त्याआधीची, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील खिडक्यांची बरीचशी काच कारागीर फुंकून तिचे नळकांडे करीत, ते उभे चिरीत आणि पुन्हा तापवून उलगडीत. काच वर्षानुवर्षे खाली ओघळते म्हणून तिला लाटा येतात, असे अनेक सुशिक्षित माणसेही सांगतात, पण ते खरे नाही. त्या लाटा करणाऱ्याच्या हाताच्या आणि श्वासाच्या आहेत. तसली काच भंगारात गेली की पुन्हा मिळवणे अतिशय कठीण असते, आणि ती काढून टाकायला कामगाराला एक दुपार पुरते.

तरीही काच गेली तर घर उभे राहते. भिंतींवर सिमेंट चढले की घरच आजारी पडते, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

माझ्या मामेबहिणीने काही वर्षांपूर्वी एक जुने घर घेतले. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल होती, म्हणून ते घर बराच काळ कुणी घेत नव्हते. पहिल्या ठेकेदाराने पाहताक्षणी निदान केले की सगळा गिलावा खरवडून काढायचा आणि जलरोधक रसायन घातलेले सिमेंट मारायचे. तिने होकार देण्यापूर्वी एका वयस्कर गवंड्याला बोलावले. त्यांनी कोणतेही यंत्र आणले नव्हते. भिंत बोटांनी वाजवत ते पुढे सरकत होते आणि एका भिंतीपाशी आवाज पोकळ आला. नेमक्या त्याच भिंतीला आधीच्या मालकाने सिमेंटचा गिलावा केलेला होता. त्यांनी त्याचा एक तुकडा उचकटला, तेव्हा मागच्या विटेचा पृष्ठभाग भुकटी होऊन हातात आला. ते म्हणाले, "ताई, पाणी आत शिरलंय ते वेगळंच, पण त्याची बाहेर पडायची वाट कुणीतरी बंद केलीय." त्या वाक्याने मला जुन्या घरांविषयी जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही सल्लागाराने शिकवलेले नाही.

पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटच्या पूर्वजाचे, पेटंट इंग्लंडमधील गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले, आणि त्यानंतरही कितीतरी काळ घरे चुन्यातच बांधली जात होती. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेल्या कळीच्या चुन्यात पाणी घातले की तो रटरटून फुलतो, आणि भिंतीवर चढल्यावर हवेतील तोच वायू सावकाश परत घेत तो पुन्हा दगडासारखा होतो. असा गिलावा ओल शोषतो आणि कोरड्या दिवसांत ती सोडतो. तो विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे घर किंचित हलले तर ताण तो सोसतो आणि झिजायचे असेल तर आधी तो झिजतो. सिमेंट याच्या उलट वागते. ते कडक असते, ओल आत कोंडते, कोंडलेल्या पाण्यातील क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होऊन साठतात आणि वीट आतून फुटू लागते. बाहेरून भिंत मजबूत दिसते, त्यामुळे हे नुकसान दिसायला वर्षे लागतात, आणि तोवर ठेकेदार पुढच्या कामावर गेलेला असतो.

बहिणीच्या घरात पुढे काय निघाले, तर छताची पन्हळ एका कोपऱ्यात फुटलेली होती आणि मागच्या अंगणात वर्षानुवर्षे भर पडून जमीन जोत्याच्याही वर आली होती. पन्हळ बदलली, माती उपसली, सिमेंट उतरवले आणि भिंत नुसती वाळू दिली. नातेवाईक विचारत राहिले की काम बंद का आहे. काम बंद नव्हते, भिंत वाळणे हेच काम होते. नंतर चुन्याचा गिलावा झाला, आणि त्यानंतर त्या भिंतींना ओल आलेली नाही.

सगळेच जुने जपायचे नसते, हेही मान्य करते. कापडी वेष्टणाच्या वायरी, गंजलेले नळ आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे जाणकाराच्या हातून काढलेच पाहिजेत. जुन्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नयेत, विशेषतः घरात लहान मुले असताना. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी उरले आहेत आणि त्यांच्यासाठी थांबावे लागते, हेही खरे. पण ज्याला थांबणे शक्य नाही, त्याने नवे घर घ्यावे. नवी घरे भरपूर आहेत.

हे लिहिताना सकाळचा राग थोडा निवळला आहे, कारण त्या परिचितांनी हे वाईट हेतूने केलेले नाही. त्यांना कुणी सांगितलेच नाही. लाकडाचे काम पाहणाऱ्याने तुळई कुजली म्हटले, म्हणून ती झाकली. बहिणीच्या घरीही एका तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले होते. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की लाकडाला बुरशी धरते, आणि ओल्या भिंतीत रुतलेली टोके सर्वांत आधी जातात. पण बाकीची तुळई ठणठणीत होती. सावकाश वाढलेल्या झाडाचे, दाट वलयांचे ते लाकूड होते. सुताराने टोकाला आधार दिला, कुजलेला भाग तिरपा कापून तेवढाच नव्या लाकडाचा जोड दिला, आणि तो जोड आजही दिसतो. तो दिसलाच पाहिजे. जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटले आहे की नव्याने बसवलेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण वेगळा ओळखू यावा, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबावी. त्याच्याही आधी, १८७७ मध्ये, कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली ती अशाच उत्साही जीर्णोद्धाराला विरोध म्हणून, आणि त्यांचा आग्रह रोजच्या देखभालीने पडझड थोपवण्याचा होता. मला तर वाटते की पन्हळीतील पाला वेळेवर काढणारा माणूस कोणत्याही वास्तुविशारदापेक्षा घराचे अधिक भले करतो.

तुमच्यापैकी जे सध्या असे घर शोधत आहेत, त्यांनी ते एकदा मुसळधार पावसात पाहावे. दलाल नाराज होईल, होऊ द्या. पाणी छतावरून कुठे जाते, जोत्याशी साचते का, बंद खोलीला कुबट वास येतो का, हे उन्हाळी दुपारी कळत नाही. भेगा पाहून घाबरू नये. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवावी. ती तडकली तर भेग अजून हलते आहे आणि स्थापत्य अभियंता बोलवावा. ती दीर्घकाळ शाबूत राहिली तर बहुधा ते घर फार पूर्वीच बसून स्थिरावले आहे. आणि ताबा मिळाल्यावर, छत गळत नसेल आणि वायरिंग सुरक्षित असेल, तर सगळे ऋतू त्या घरात राहून मगच हातोडा उचलावा. बहिणीला हिवाळ्यात कळले की जी खिडकी ती बुजवणार होती, त्याच खिडकीतून स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येते.

त्या परिचितांना मी अजून उत्तर दिलेले नाही. रात्री फोन करून विचारणार आहे की जुन्या खिडक्या आणि काचा कुठे टाकल्या, कारण त्या अजून ठेकेदाराच्या गोदामात असतील तर परत आणता येतील. आणि ज्यांच्या जुन्या घराचे काम आत्ता सुरू आहे, त्यांनी गिलाव्यात काय घालणार आहेत, एवढे आजच विचारावे. उत्तर सिमेंट असे आले, तर उद्याचे काम थांबवा आणि मला कळवा. त्या गवंड्यांचा मुलगा आता हेच काम करतो, त्याच्याशी मी गाठ घालून देईन.