घरटी, माणशी की मीटरमागे?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग साडेदहाला सुरू झाली आणि पावणेदोनला केवळ भुकेमुळे संपली. विषय एकच, पाणीपट्टी. चोवीस फ्लॅट, मीटर एक, बिल सगळ्यांत सारखं. पहिल्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात. त्या चक्क वहीत मांडून आल्या होत्या: अंघोळीला दोन बादल्या, धुणंभांडी मिळून तीन, तुळशीला तांब्याभर. समोरच्या दारी सात माणसं, त्यात जुळी तान्ही. "त्यांच्या लंगोटांचं पाणी मी का भरू?"

समोरचे दादा तयारच होते. "बरोबर आहे काकू. मग लिफ्टचंही माणशी करू. मी पहिल्या मजल्यावर, आयुष्यात कधी बटण दाबलं नाही."

झालं! मग पार्किंग निघालं, जिन्यातले दिवे निघाले, कुणाच्या तरी कुत्र्याचा विषयही निघाला.

गंमत अशी, की सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सरकारी नमुना नियमांमध्ये, याचं उत्तर आहे आणि ते एक नाही, अनेक आहेत. पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यालासुद्धा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर. म्हणजे एकाच पावतीत वेगवेगळे गज. मला हेच पटतं. भांडण होतं ते सगळा खर्च एकाच गजाने मोजायचा हट्ट धरला की.

गावाकडे जत्रेची वर्गणी चुलीमागे ठरते, पण देवळाच्या कळसाला मात्र ज्याची त्याची ऐपत बघून मागतात. दोन्हींत कुणाला अन्याय वाटत नाही.

ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंनी हा फरक पुसला. घराच्या मूल्यावरची जुनी पट्टी काढून माणशी कर आणला, म्हणजे सरळ डोईपट्टी. १९८९ला स्कॉटलंडमध्ये, १९९०ला इंग्लंड-वेल्समध्ये. लॉर्ड आणि त्याचा माळी यांच्या बिलांत फारसं अंतर उरलं नाही. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्राफल्गार चौकात दंगल झाली, नोव्हेंबरात बाईंची खुर्ची गेली (कारणं आणखीही होती), आणि १९९३पासून पुन्हा घराच्या किमतीवर आधारलेला कर आला. त्यात एकट्या माणसाला पंचवीस टक्के सूट आहे. हे मीटिंगमध्ये सांगितल्यापासून काकू मला जिन्यात थांबवून चहा विचारतात. पण इंग्रजांनाही एक रोग जडलाच. इंग्लंडमध्ये आजही घरांची वर्गवारी १९९१च्या किमतींवर चालते, कारण फेरमूल्यांकन करायची कुणाची छाती होत नाही.

ती छाती आपल्याकडे तरी कुठे आहे? नाशकातली घरपट्टी भाडेमूल्यावर ठरते. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, उरतं ते करयोग्य मूल्य आणि त्यावर निरनिराळ्या करांचे टक्के. (त्यातला शिक्षण कर राज्य सरकारकडे जातो, पण शिव्या मात्र सगळ्या महापालिकेला.) २०१८ला तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी भाडेमूल्याचे दर वाढवले, मोकळे भूखंडही कक्षेत घेतले, तेव्हा शहरात केवढं रान उठलं होतं ते आठवत असेल. माझी तक्रार वाढीबद्दल नाही. नवे दर १ एप्रिल २०१८ नंतरच्या मिळकतींना लागले, ही खरी खोच. कर्ज काढून शहराच्या कडेला पाथर्डी फाट्याला कालपरवा घर घेतलेला पोरगा जास्त भरणार आणि मोक्याच्या जागी तीस वर्षांपूर्वी घर घेतलेले आमच्यासारखे कमी. रस्ता तोच, घंटागाडी तीच. पण या अन्यायाविरुद्ध मोर्चा निघणार नाही, कारण आम्ही जुने संख्येने जास्त.

क्षेत्रफळावर सूट हाही मला फसवा उपाय वाटतो. मुंबईत २०२२ला पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. तिथे तेवढ्या घराची किंमत कुठल्या कुठे जाते! घर लहान म्हणजे माणूस गरीब, असं कुठे आहे?

आणि घर मोठं म्हणजे माणूस श्रीमंत, असंही नाही. माझ्या मावशीचा कॉलेज रोडच्या आत बैठा बंगला आहे. बिल्डर आठवड्याला चकरा मारतात. घरात मात्र ती एका खोलीतच पंखा लावते, कारण पेन्शन तेवढीच. उद्या सगळ्या शहराचं नव्याने मूल्यांकन झालं, आणि ते व्हावं असं मी म्हणतो, तर पहिला फटका तिला. अशांसाठी वाढीव रक्कम घरावर बोजा म्हणून चढवून ठेवावी, व्याज नाममात्र, आणि घर विकलं जाईल किंवा वारसांच्या नावावर होईल तेव्हा वसूल करावी. मावसभावाला हे आवडलेलं नाही. तो पुण्यात असतो.

थोडक्यात, रस्ता, दिवे, अग्निशमन यांचे पैसे घराच्या आजच्या मूल्यावर घ्या. पाणी मोजता येतं, ते मीटरवर घ्या. पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवा, पण तो माणसं मोजून ठरवा, नाहीतर सात जणांचं गरीब घर वरच्या दरात जातं आणि एकटा माणूस गाडी धुऊनही खालच्याच दरात राहतो. कचऱ्याचं मात्र मीटरमागे नको. पिशवीमागे पैसे लावले, की ती पिशवी रात्री नासर्डी नदीत जाणार, हे आपण सगळेच जाणतो.

तर मीटिंगमध्ये ठरलं, प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर. बुधवारी प्लंबर आला, गच्चीवर गेला, टाकीखालचे पाइप मोजले आणि डोकं खाजवत खाली आला. इमारत जुनी. स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, तिघांच्या उभ्या लाइनी वेगळ्या. फ्लॅटमागे तीन, म्हणजे बहात्तर मीटर.

काकू जिन्यातच उभ्या होत्या. आकडा ऐकून त्यांनी वही मिटली. "बहात्तर? त्यापेक्षा मी लंगोटांचं भरते."